मशीन थांबवायचं काम

गवार तोडायची तर ऊन तापायच्या आत. एकदा का शेंगेवरची लव वाळली, की ती हाताला लागते आणि दिवसभर कातडी चुरचुरत राहते. म्हणून तानूबाई उजाडतानाच सरीत वाकली होती. चैत्र सरत आला होता. कालव्याचं पाणी येऊन गेलेलं, पुढचं कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आहे तो माल निघेल तसा बारामतीच्या मंडईत घालायचा, एवढंच हातात होतं.

बांधावर सासू, मुक्ताबाई, चार मेंढरं घेऊन बसली होती. एकेकाळी ह्या घराचा मेंढरांचा मोठा वाडगा होता. दिवाळी झाली की तानूबाईच्या नवऱ्याचा, म्हस्कूचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा तो उन्हाळ्यातच परत यायचा. पुढं चरायची रानं उसाखाली गेली, बाप गेला, आणि म्हस्कूनं मेंढरं विकून पिंपळीच्या पुढं सडकेला असलेल्या पेंडीच्या कारखान्यात काम धरलं. आईच्या हट्टापायी एवढी चार तेवढी राहिली.

कमरेला खोचलेला फोन वाजला. सारजाचा होता. सारजा वस्तीवरचीच, कारखान्यात पोती शिवायला होती.

"तानू, हाय तशी नीघ. बारामतीला ये."

"का गं? काय झालं?"

"म्हस्कूदादाचा हात गावला मशिनीत. ताईंच्या गाडीतनं न्हेलंय. मी संगंच हाय. तू ये बाई, इच्यारीत बसू नगं."

तानूबाईनं ओच्यातली गवार सरीतच सोडली. सासूला काय सांगायचं ते तिला सुचेना. "जरा जाऊन येते," एवढंच म्हणाली, आणि चिखलाच्या पायांनी सडकेकडं पळत सुटली. मागून म्हातारी हाका मारत राहिली.

दवाखान्याच्या दारात वॉचमननं तिला चपला काढायला लावल्या. तिच्या पायात चपला नव्हत्याच. वाळलेला चिखल फरशीवर पडत होता आणि झाडू मारणारी बाई तिच्याकडं बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली. तानूबाई अंग चोरून भिंतीकडेनं चालली.

बाकड्यावर सारजा बसली होती. तिचं लुगडं मांडीपासून खाली लाल झालं होतं. शेजारी राजेश्वरीताई उभी होती. कारखाना ताईच्या बापानं, रावजीशेठनं काढलेला. अलीकडं सगळा कारभार हीच बघायची. चाळिशीची बाई, लहानपणापासून पेंडीच्या धुळीत वाढलेली. त्या धुळीनं तिचा आवाज कायमचा घोगरा झाला होता. बोलायच्या आधी ती घसा खाकरायची. आज तिच्या अंगावरच्या कुडत्याला बाहीपर्यंत रक्त लागलं होतं.

तिनं घसा खाकरला. मग एवढंच म्हणाली, "आत घेतलंय. हात... कोपराखालचा हात राहणार नाही, तानूबाई. मी इथंच आहे."

तानूबाई रडली नाही. तिच्या मनात आलं, कुठला हात? आणि विचारायची तिची हिंमत झाली नाही. उजवा असावा. उजव्या हातानंच तो पळत्या मेंढराचा मागचा पाय असा धरायचा, की मेंढरू जागच्या जागी बसायचं.

उजवाच होता.

दुपारी ताई डॉक्टरांकडं गेली तेव्हा अविराज आला. तो कारखान्याचा सुपरवायझर. तिशीच्या आतबाहेरचा, नुकतं लग्न झालेला. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, आज पाण्याच्या टाकीपाशी तिला बाजूला घेऊन हळूच बोलायला लागला.

"वहिनी, उद्या पोलीस येतील जबाब घ्यायला. रीतच आहे ती. म्हस्कू शुद्धीवर असेल नसेल. तुम्ही एवढंच सांगायचं, की मशीनची जाळी त्यानं स्वतः काढली होती."

"कसली जाळी?"

"मिक्सरच्या स्क्रूवर असते ती. आत हात जाऊ नये म्हणून. ती काढलेली होती म्हणून तर..." तो थांबला. टाकीची तोटी गळत होती, तिच्याकडं बघत राहिला. "असं सांगितलं की कारखान्याला टाळं लागत नाही. टाळं लागलं तर सगळ्यांचंच काम जाईल. तुमच्या सारजाचंसुद्धा. शेठनी सांगितलंय, म्हस्कूला काही कमी पडू देणार नाही."

"ताईंनी सांगितलंय?"

"शेठनी," अविराज म्हणाला आणि खाली बघितलं.

तानूबाईनं मान हलवली. ती हो नव्हती आणि नाहीही नव्हती. पण अविराजनं ती हो धरली आणि गेला. गवारीची लव अजून तिच्या बोटांना चुरचुरत होती. ती पदराला हात पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हस्कूनं डोळे उघडले. बराच वेळ तो वर पंख्याकडं बघत होता. मग खाली पांढऱ्या बँडेजकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. तानूबाईनं त्याच्या ओठाला पाण्याचा चमचा लावला.

"मेंढरास्नी पाला टाकला का?" त्यानं विचारलं.

"आत्यांनी टाकला."

"हं."

थोड्या वेळानं तिनं वाकून विचारलं, "आवं, ती जाळी. कुनी काढली हुती?"

"मी."

"तुमी? आपल्या मनानं?"

"मनानं कशाला? गेला आठवडाभर मळी जास्त पडत हुती, पेंडीचं गोळं हुत हुतं. दर टायमाला जाळी खोला, गोळा काढा, जाळी लावा. बाहेर गाड्यांची रांग. कुटं हिरवं ऱ्हायलंय औंदा, समद्यांस्नी पेंड पायजेल. अविराज सायेब म्हनलं, काढूनच ठिवा. मी पाना घेतला आन काढली." तो दमला. "सांगितलं कुनी हे कोन इच्यारतंय? हात तर माजंच हुतं."

तानूबाईला त्यातली गोम तेव्हा कळली. अविराजनं सांगायला लावलं ते सगळं खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्या खऱ्यानंच म्हस्कू जन्मभर स्वतःच्या हाताचा मारेकरी ठरणार होता.

हवालदार आले तेव्हा खोलीत बरीच माणसं जमली. रावजीशेठ काठी टेकत आले होते. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, श्वास लागलेला. मागं अविराज. राजेश्वरीताई सगळ्यांच्या नंतर आली आणि दाराशीच उभी राहिली.

हवालदारांनी खुर्ची ओढली. "हां, बाई. काय घडलं ते सांगा. मशीनचं संरक्षण कुणी काढलं होतं?"

सगळे तानूबाईकडं बघायला लागले. अविराजनं नकळत मान हलवली. तिनं सारजाचा विचार केला, सारजाच्या घरातल्या दमेकरी नवऱ्याचा विचार केला. मग पलंगाकडं बघितलं. म्हस्कू डोळे मिटून पडला होता, पण झोपलेला नव्हता. जबड्याचं हाड हलत होतं.

"मी तितं नव्हते सायेब," ती म्हणाली. "जे बघितलं न्हाय ते मी सांगनार न्हाय. ते जागं हायती, त्यास्नीच इच्यारा."

अविराजचं तोंड उतरलं. रावजीशेठ काठी सरसावून काही बोलणार, तोच दारातून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"लिहून घ्या," राजेश्वरीताई म्हणाली. "जाळी काढायला आम्ही सांगितलं होतं. म्हस्कूभाऊंनी पाना चालवला तो आमच्या सांगण्यावरून."

हवालदारांनी मान वर केली. "आम्ही म्हणजे नेमकं कोण, मॅडम?"

"मी."

"ताई," अविराज पुढं झाला, "तुम्ही कुठं सांगितलं होतं? मी..."

"तू थांब, अविराज. गाड्या वेळेत सोड, मला बाकीचं माहीत नाही, असं मी तुला म्हटलं होतं. म्हटलं होतं की नाही? आणि परवा मी मशीनपाशी आले तेव्हा जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मी ती बघितली. बघितली आणि पुढं गेले." ती हवालदारांकडं वळली. "मालकानं बघून पुढं जाणं म्हणजे सांगणंच झालं. तसं लिहा."

"वकिलांना एकदा विचारून घेतलं असतं तर, मॅडम..."

"वकिलांना काय विचारू? जाळी त्यांनी नव्हती बघितली."

हवालदार लिहायला लागले. तानूबाईनं पलंगाकडं बघितलं. म्हस्कूच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. हात गेल्यापासून पहिल्यांदाच तो रडत होता.

बाहेर बोळात रावजीशेठनी लेकीला धरलं. त्यांचा आवाज आत ऐकू येत होता.

"सगळी हयात घातली मी ह्यात, राजे. सायकलवर पोती वाहिली. आन तू एका सकाळी त्याचं वाटोळं केलंस. उद्या टाळं लागलं की ह्याच बाया तुझ्या दारात येऊन बसतील."

"बसू देत, आबा. दार उघडंच आहे."

"त्या पोराला तर काढ! त्यानंच काढाय लावली ना जाळी?"

"त्याला काढलं की लोक म्हणतील, चूक त्याची होती, गेला. मग माझी चूक कुठं जाईल?"

म्हातारा काठी आपटत निघून गेला. लेकीशी तो पुढं कितीतरी दिवस बोलला नाही, असं सारजाच सांगायची.

कारखान्याला टाळं लागलं. पुण्याहून कारखान्यांचे इन्स्पेक्टर आले, सगळं फिरून बघितलं, आणि दुरुस्ती होईतोवर काम बंद ठेवायचा हुकूम झाला. मशीनच्या पोटात त्या सकाळी जो माल होता, त्याच्या बातमीनं गावात निराळीच खळबळ उडाली. ताईनं जेसीबी बोलावून मागच्या पडीक रानात खड्डा काढायला लावला होता. नुसता मशीनमधला नाही, त्या पाळीत भरून ठेवलेला सगळाच माल त्यात ओतला. पेंडीचा असा दुष्काळ, आणि पोत्यांमागून पोती मातीत चाललेली. दोन-चार जण ट्रॉली घेऊन आले.

"ताई, जनावरालाच तर घालायचंय. आमाला द्या. आमी कुनाला सांगत न्हाय."

"मला माहीत आहे ना," ताई म्हणाली. "माणसाचं रक्त पडलंय त्यात. तुमच्या गाई मी नाही बाटवणार."

तिनं माती ओढून होईतोवर उन्हात उभं राहून बघितलं आणि मगच गेली.

हे सगळं तानूबाईला उडत उडत कळत होतं. तिच्या घरात त्या दिवसांत निराळंच चाललं होतं. म्हस्कू घरी आला होता. त्याला पायजम्याची नाडी बांधता येत नव्हती. पहिल्या दिवशी तो मोरीच्या आडोशाला उभा राहून डाव्या हातानं आणि दातांनी झगडत राहिला. शेवटी तानूबाई गेली तेव्हा तो तिच्यावरच खेकसला. भाकरीचा तुकडा मोडायला तो ताटलीवर वाकायचा, ताटली सरकायची, कोरड्यास सांडायचं. मुक्ताबाई ते बघायची आणि उठून मेंढरांकडं जायची. दुपारी पडल्या पडल्या म्हस्कू म्हणायचा, "बोटं खाजवत्यात गं." आणि तिथं बोटं नव्हती. तानूबाई त्याच्या डाव्या हाताची बोटं चोळत बसायची. त्यानं कधी बरं वाटायचं, कधी नाही.

एके दिवशी सारजा आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना.

"तुला एवढं म्हनता आलं न्हाय व्हय तानू, की त्यानंच काढली? खोटं तर नव्हतं ते. समदी घरी बसल्यात. माज्या घरी औषीद संपलंय."

आतून म्हस्कू म्हणाला, "मला इच्यार, सारजे. तिला कशाला बोलतीस?"

सारजानं आत डोकावून बघितलं. तो भिंतीला टेकून बसला होता, सदऱ्याची उजवी बाही खाली लोंबत होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो बारामतीपर्यंत गेला होता. ती पदर तोंडाला लावून निघून गेली.

आठवड्यानं परत आली ती हसत, हातात भेंडीचं वाटं घेऊन.

"बंद असलं तरी पगार चालू ठिवलाय ताईंनी. समद्यांचा. आन रोज बलावत्यात. काय काम म्हनशील? नुसतं सांगायचं. प्रत्येकाला मशिनीपाशी उभं करत्यात आन इच्यारत्यात, हितं तुला कशाचं भ्या वाटतं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"पयल्या दिशी कोनच बोलंना. मालकाम्होरं भ्या वाटतं म्हनायचं तरी कसं? मग ताई आपनच म्हनल्या, मला गोदामाच्या त्या शिडीचं भ्या वाटतं, बारकी हुते तवापास्नं. मग बोलाय लागली समदी. मी म्हनलं, पोती शिवताना पदर फिरत्या पट्ट्याकडं उडतो, माजा जीव टांगनीला आसतो. लई दिसांचं बोलले बघ." तिनं भेंडीचं वाटं खाली ठेवलं. "त्या दिशी मी तुला नगं ते बोलले, तानू."

"बस आता. च्या टाकते," तानूबाई म्हणाली.

वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक फिटर बोलावून ताईनं प्रत्येक मशीनला जाळ्या बसवल्या. जाळी उघडली की मशीन आपोआप बंद पडायचं. इन्स्पेक्टरांनी सांगितलं त्यापेक्षा किती तरी जास्त काम ती करून घेत होती, आणि म्हणून कारखाना हुकमापेक्षाही जास्त दिवस बंद राहिला. पेंड घेणारे दुसरीकडं जाऊ लागले. लोक ताईला येडी म्हणत. कुणी तोंडावर म्हणत, कुणी मागं.

ज्येष्ठ लागला त्या सुमाराला ती म्हस्कूच्या घरी आली. एकटीच, जीप सडकेला लावून बांधावरनं चालत. मुक्ताबाईनं तिला येताना बघितलं आणि उठून वाटेतच उभी राहिली.

"कशाला आलीस? माज्या ल्येकाचा हात घिऊन आलीस का?"

"नाही, मुक्ताबाई. तो मला देता येत नाही."

"मग?"

ताई नुसती उभी राहिली. म्हातारी बोलतच होती. मेंढरं विकल्याचं बोलली, रानं गेल्याचं बोलली, लाखमोलाच्या बोटांचा लेक जन्माला घातल्याचं बोलली. ऊन डोक्यावर होतं. शेवटी म्हातारीचाच घसा सुकला. ती खाली बसली आणि म्हणाली, "जा आत. सावलीत तरी बस."

आत तानूबाईनं घोंगडं अंथरलं. ताईनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हस्कूकडं बघून घसा खाकरला.

"भरपाईचं कायद्यानं आहे ते सगळं होईल, त्याचं सांगायला मी नाही आले. परवा कारखाना सुरू होतोय. तुम्ही या."

"वॉचमन म्हनून?" म्हस्कू हसला, ते हसू चांगलं नव्हतं. "फाटकात खुर्ची टाकून बसायचं, येनाऱ्या-जानाऱ्यानं बघायचं, ह्योच तो थोटा. नगं, ताई. दयेचं काम मला नगं."

"वॉचमन आहे आपल्याकडं. सगळ्या मशीनच्या कडेनं एक दोरी बांधलीय. कुठूनही ओढली की अख्खा कारखाना थांबतो. ओढायचा हक्क सगळ्यांनाच आहे. पण तिथं गाडी भरायची घाई ज्याच्या डोक्यात नाही, असा एक माणूस मला दिवसभर हवाय. त्यानं फक्त फिरायचं, बघायचं, आणि वाटलं की थांबवायचं. त्याच्यावर अविराज नाही, मीही नाही."

"आन मीच का?"

"तुम्हाला भीती काय असते ते ठाऊक आहे म्हणून. मला ते एकदा तरी समजायला हवं होतं."

तानूबाईच न राहवून म्हणाली, "ताई, आज तुमच्या मनात हाय. उद्या गाड्यांची रांग लागली, शेठ बोलाय लागलं, म्हंजी?"

"ते मी आज सांगून काय उपयोग?" ताई उठत म्हणाली. "येऊन बघा."

म्हस्कू गेला. तानूबाईनं त्याची नाडी बांधली, त्यानं काही कुरकुर केली नाही. पहिले दोन-तीन दिवस तो संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायचा. दोरी ओढली का, असं तिनं विचारलं की नाही म्हणून मान हलवायचा.

"भ्या वाटतं गं," एकदा म्हणाला. "मशिनीचं न्हाय. दोरीचं. समदी माज्याकडं बघत्यात."

त्याला डब्यातली भाकरी एका हातानं मोडून खायला जमत नव्हती, म्हणून दुपारच्या वखताला तानूबाई जायची आणि शेडमध्ये बसून त्याला कालवून द्यायची. त्या दिवशी ती गेली तेव्हा फाटकापासून सडकेपर्यंत गाड्या उभ्या होत्या. ड्रायव्हर गाड्यांच्या सावलीला बसून कारखान्याच्या नावानं बोलत होते. इतक्या दिवसांनी गिऱ्हाइकं परत आली होती. आत पेंडीची धूळ आणि मळीचा आंबूस वास. मशीनचा आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. फाटकाच्या आत खुर्ची टाकून रावजीशेठ बसले होते. अविराज घामाघूम होऊन पोती मोजत होता.

तानूबाईला म्हस्कू मिक्सरपाशी दिसला. जिथं हात गेला, तिथंच. तो मान कलती करून काहीतरी ऐकत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्याचा डावा हात वर गेला आणि त्यानं दोरी ओढली.

सगळं एकदम थांबलं. पट्टे थांबले, स्क्रू थांबला, पंखेही थांबल्यासारखे वाटले. त्या शांततेत बाहेरच्या ड्रायव्हरांची बोलणी आतपर्यंत ऐकू आली. अविराज पळत आला.

"काय झालं, म्हस्कूभाऊ?"

"आवाज आला. आतनं. निराळाच."

अविराजनं फिटरला हाक मारली. त्यांनी जाळी उघडली, बॅटरी मारून बघितलं, हात न घालता लोखंडी आकड्यानं चाचपलं. खालचं झाकण काढलं. सगळ्या बाया, हमाल भोवती जमले. बाहेर एका ट्रकवाल्यानं हॉर्न धरला तो सोडेचना.

"काही नाही," फिटर म्हणाला. "एकदम ठीक आहे."

म्हस्कूच्या कपाळावरून घाम गळत होता आणि पुसायला त्याला दोरी सोडावी लागली असती. ती तो सोडत नव्हता. तानूबाईला वाटलं, पुढं होऊन आपण पुसावा. पण ती डबा धरून जागीच उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा म्हस्कूवर होत्या आणि त्या नजरांत काय होतं ते तिला कळत होतं: आता लागली ह्याची वाट.

राजेश्वरीताई ऑफिसमधून आली. तिनं फिटरकडं बघितलं, अविराजकडं बघितलं.

"काय सापडलं?"

"काही नाही, ताई," अविराज म्हणाला.

"मला वाटलं..." म्हस्कूनं हातातल्या दोरीकडं बघितलं. "मला आवाज आल्यावानी वाटलं, ताई. चुकलं माजं."

"राजे!" फाटकातून रावजीशेठ ओरडले. "आधी गाड्या सोडा, मग बसा ऐकत!"

ताईनं त्यांच्याकडं वळून बघितलं नाही. ती म्हस्कूसमोर जाऊन उभी राहिली आणि घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वाटलं ना? मग थांबायलाच पाहिजे. म्हस्कूभाऊ, अजून एकदा बघू द्यायचं का ह्यांना?"

म्हस्कूनं तिच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "बघू द्या."

फिटरनं परत झाकण काढलं. परत सगळं चाचपलं. हॉर्न वाजतच होता. ताई तिथंच, धुळीत, हात बांधून उभी राहिली. कुणाला घाई कर म्हणाली नाही. सारजानं आणि बायांनी पोत्यांवर बैठक मारली. फिटर हात पुसत उठला आणि काही नाही, अशी मान हलवली.

"चालू करायचं का, म्हस्कूभाऊ?" ताईनं विचारलं.

म्हस्कूनं दोरी सोडली. डाव्या हाताच्या बाहीनं कपाळ पुसलं.

"करा," तो म्हणाला.

मशीन सुरू झालं. ताई ऑफिसकडं न जाता फाटकाकडं गेली आणि ड्रायव्हरांना काय सांगायचं ते सांगायला लागली. एकजण तिच्यावर बराच चढ्या आवाजात बोलत होता, ती ऐकून घेत होती. रावजीशेठ खुर्चीत पुटपुटत राहिले. अविराज म्हस्कूजवळ आला आणि त्याच्या खांद्याला नुसता हात लावून पोत्यांकडं गेला.

तानूबाईनं शेडच्या सावलीत फडकं सोडलं, भाकरी कालवली. म्हस्कू येऊन बसला. पण तिनं घास पुढं केला तेव्हा त्यानं ताटली आपल्याकडं ओढली, गुडघ्यानं दाबून धरली, आणि डाव्या हातानं स्वतः खायला लागला.

दोन घास झाले असतील, तेवढ्यात परत सगळं थांबलं.

म्हस्कू दचकून उठला. तानूबाई उठली. आत पट्ट्याच्या कडेला सारजा उभी होती, एक हात दोरीवर, दुसऱ्या हातानं पदर छातीशी घट्ट धरलेला. ती कुणाकडं बघून माफी मागत नव्हती.

"पदर उडला माजा," ती मोठ्यानं म्हणाली. "खोचून घेते. मग करा चालू."

आणि कारखाना, बाहेरच्या सगळ्या गाड्यांसकट, सारजाचा पदर खोचून होईतोवर थांबला.